चहा, साबण, कागद आणि मीठ : विल्यम ग्लॅडस्टन यांचे अल्पचरित्र



बाजारहाट करून घरी आल्यावर दुकानाची पावती लगेच टाकून देऊ नये, असे आम्ही शाळेत शिकवीत असताना मुलांना सांगत असू. पावतीवरून माणसाला आपल्या राज्याची पुष्कळ माहिती मिळते. इंग्लंडात राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी घरच्या सामानावरील व्हॅटचा हिशेब मांडून पाहावा. चहाच्या पुड्यावर काही नाही. वर्तमानपत्रावर काही नाही. मिठावरही काही नाही. साबणाच्या वडीवर मात्र शंभराला वीस. इस्राएलात राहणारे आमचे आप्तही असाच कर देतात. दर वेगळा, एवढेच.

अशा करास अप्रत्यक्ष कर म्हणतात. प्राप्तिकर सरकार आपल्याच हातून घेते, म्हणून तो आपल्याला बोचतो. अप्रत्यक्ष कर दुकानदार भरतो, किंमतीत मिळवतो आणि आपण न कुरकुरता देतो. बंदरावर बाहेरच्या मालावर घेतात ती जकात आणि देशात तयार होणाऱ्या मालावर घेतात ती अबकारी, अशी याची दोन जुनी रूपे आहेत. श्रीमंत आणि गरीब दोघेही शेरभर चहावर सारखाच कर देतात. परंतु गरिबाच्या मिळकतीतून त्याचा वाटा मोठा जातो. ही साधी गोष्ट ज्यांनी इंग्लंडच्या अंदाजपत्रकाच्या मध्यभागी आणून ठेवली, त्या विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे. शाळेत आम्ही त्यांचे नाव आयर्लंडच्या स्वराज्याच्या धड्यात वाचले होते. त्यांनी चहा-साबणाचा हिशेब केला होता, हे पुढे इंग्लंडात आल्यावर कळले.

ग्लॅडस्टन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजी लिव्हरपूल येथे झाला. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन हे मोठे व्यापारी. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारावरील मक्तेदारी १८१३ साली उठली, तेव्हा पुढच्याच वर्षी लिव्हरपूलहून कलकत्त्यास पहिले जहाज त्यांनी धाडले. परंतु घराण्याची खरी संपत्ती वेस्ट इंडीज आणि डेमेरारा येथील उसाच्या मळ्यांतून आली होती, आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. जॉन ग्लॅडस्टन यांना एक लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. पुढे मळ्यांवर मजूर कमी पडू लागले, म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या पेढीमार्फत हिंदी मजूर मागविले. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या दोन जहाजांतून गेलेले ते गिरमिटिये आजच्या गयानातील हिंदी वस्तीचे पहिले लोक होत. तरुण विल्यम यांनीही पार्लमेंटमध्ये प्रथम वडिलांच्या मळ्यांची बाजू घेतली होती. ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून गाळता येत नाही. २०२३ साली त्यांच्या वंशजांनी गयानाला जाऊन या साऱ्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

विल्यम यांचे शिक्षण ईटन येथे व नंतर ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात झाले. १८३१ साली प्राचीन भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. धर्मोपदेशक व्हावे, असे त्यांच्या मनात होते; वडिलांच्या इच्छेने ते राजकारणात पडले आणि १८३२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पार्लमेंटचे सभासद झाले. १८३९ मध्ये कॅथरीन ग्लिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि वेल्समधील हॉर्डन हे पुढे त्यांचे घर झाले. हे गृहस्थ वक्तशीर, देवभिरू आणि अतिशय कष्टाळू होते. साठ-सत्तर वर्षे त्यांनी रोज रोजनिशी लिहिली. दिवसाच्या प्रत्येक घटकेचा हिशेब आपल्याला देवापुढे द्यावयाचा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. असा मनुष्य सरकारी पैशाचा हिशेब कसा ठेवील, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

त्या काळी इंग्लंडचा खजिना कसा भरत असे, ते पाहू. नेपोलियनशी झालेल्या लढाया संपल्यावर १८१६ साली प्राप्तिकर रद्द झाला होता. मोठ्या लोकांना तो नको होता. लढायांचे कर्ज मात्र उरले होते आणि त्याचे व्याज जकात व अबकारीतून द्यावे लागे. १८४१ च्या सुमारास सरकारच्या दर दहा पौंडांपैकी सुमारे सात पौंड या दोन मार्गांनी येत. सुमारे बाराशे जिनसांवर जकात होती. धान्यावर होती, कापसावर होती, साखरेवर होती. देशात काच तयार केली तरी कर, कागद तयार केला तरी कर, साबण केला तरी कर. साबणाच्या कढईला अबकारी अंमलदाराने कुलूप लावावे आणि त्याच्या नजरेआड साबण उकळू नये, असाही एकेकाळी नियम होता. गरिबाने अंग धुतले तरी त्यात राजाचा वाटा होता.

रॉबर्ट पील हे १८४१ साली पंतप्रधान झाले. व्यापारखात्यात त्यांनी तरुण ग्लॅडस्टन यांना घेतले. ग्लॅडस्टन यांना आधी हे खाते फारसे रुचले नव्हते. परंतु एकदा जकातीच्या वह्या उघडल्यावर ते त्यांत बुडून गेले. एकेका जिनसेचे दर तपासले, व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. १८४२ साली पील यांनी दीडशे पौंडांवरच्या मिळकतीवर पौंडामागे सात पेन्स प्राप्तिकर पुन्हा बसविला आणि त्याच्या आधाराने साडेसातशेच्या आसपास जिनसांची जकात कमी केली. १८४५ साली आणखी चारशेवर जिनसांची जकात उठली, काचेवरील अबकारी गेली. १८४६ साली धान्यावरील जकातीचा प्रश्न आला आणि त्यावर पील यांचा पक्ष फुटला. ग्लॅडस्टन पील यांच्याबरोबर राहिले. ज्यांच्याजवळ आहे त्यांनी उघडपणे कर द्यावा आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांच्या ताटातून गुपचूप काढून घेऊ नये, हे सूत्र त्यांनी पील यांच्यापाशी घेतले आणि जन्मभर सांभाळले.

येथे त्यांच्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याची ओळख करून दिली पाहिजे. बेंजामिन डिझरायली हे जन्माने यहुदी. वडिलांचे सिनॅगॉगशी बिनसल्यामुळे बाराव्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. पण आपल्या कुळाचा अभिमान त्यांनी कधी सोडला नाही. १८५२ साली ते अर्थमंत्री होते. डिसेंबरात त्यांनी अंदाजपत्रक मांडले. बिअरसाठी लागणाऱ्या माल्टवरचा कर निम्मा करावा, चहावरची जकात उतरवावी आणि घरपट्टी वाढवावी, असा त्यांचा बेत होता. मध्यरात्र उलटेपर्यंत डिझरायली बोलले. चर्चा संपली असे सर्वांना वाटत असताना ग्लॅडस्टन उठले आणि त्यांनी आकड्यांची एकेक वीट काढून ती इमारत पाडली. ३०५ विरुद्ध २८६ मतांनी सरकार हरले. ग्लॅडस्टन यांना अर्थमंत्रिपद मिळाले, आणि दोघांत मंत्र्याचा झगा व डाउनिंग स्ट्रीटमधील सामानसुमान यांवरून पत्रापत्री झाली. झगा डिझरायली यांनी शेवटपर्यंत दिला नाही. थोर माणसेही कधी कधी भाऊबंदांसारखी भांडतात.

१८ एप्रिल १८५३ रोजी ग्लॅडस्टन यांनी आपले पहिले अंदाजपत्रक मांडले. ते पावणेपाच तास बोलले. घसा ओला ठेवण्यासाठी अंडे फेटून घातलेली शेरी ते जवळ ठेवीत असत. त्या दिवशी त्यांनी साबणावरची अबकारी पार काढून टाकली. दरसाल दहा लाख पौंडांहून अधिक उत्पन्न त्यांनी एका वाक्यात सोडून दिले. चहावर पौंडी दोन शिलिंग सव्वादोन पेन्स जकात होती. ती टप्प्याटप्प्याने एक शिलिंगावर आणण्याचे ठरविले. शंभरावर जिनसांची जकात उठवली, तितक्याच जिनसांची कमी केली. हे सर्व प्राप्तिकराच्या बळावर चालले होते. तो कर सात वर्षांत हळूहळू उतरवून १८६० साली बंद करावा, अशी त्यांची योजना होती. मात्र तोवर शंभर पौंड मिळकतीच्या लोकांनाही त्यांनी त्यात ओढले. ज्याला मताचा अधिकार आहे त्याला कराचा चटका बसला पाहिजे, म्हणजे तो सरकारला उधळपट्टी करू देणार नाही, असा त्यांचा विचार होता.

योजना माणसाची आणि काळ देवाचा. १८५४ साली क्रिमियाची लढाई सुरू झाली. लढाईचा खर्च कर्ज काढून पुढच्या पिढीवर टाकू नये, असे म्हणून ग्लॅडस्टन यांनी प्राप्तिकर सातावरून चौदा पेन्सवर नेला. १८५९ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले तेव्हा प्राप्तिकर बंद करण्याचे स्वप्न मावळले होते. तेव्हा निदान जकातीचे काम तरी पुरे करावे, असे त्यांनी मनाशी घेतले. रिचर्ड कॉब्डेन यांनी फ्रान्सशी व्यापारी तह घडवून आणला आणि जानेवारी १८६० मध्ये त्यावर सह्या झाल्या. फेब्रुवारीत ग्लॅडस्टन यांनी अंदाजपत्रक मांडले. त्या वेळी ४१९ जिनसांवर जकात उरली होती, ती फक्त ४८ जिनसांवर आली. त्यांतही खरे उत्पन्न देणाऱ्या पंधराच होत्या. अर्थमंत्र्याची ती प्रसिद्ध लाल पेटी याच सुमारास ग्लॅडस्टन यांच्यासाठी तयार झाली. ती झिजेपर्यंत पुढच्या बहुतेक अर्थमंत्र्यांनी वापरली. २०१० साली तिला विश्रांती मिळाली.

जकात इतकी उतरवल्यावर खजिना रिकामा झाला असेल, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. पील यांच्या काळी जकातीचे उत्पन्न सालीना दोन कोटी पौंडांवर होते आणि वीस वर्षांनंतरही ते दोन कोटींवरच राहिले. याचे कारण किराणा दुकानदारही सांगेल. चहा स्वस्त झाला, म्हणून जो आठवड्यातून एकदा चहा घेई तो रोज घेऊ लागला. दर घटला, खप वाढला. शिवाय चोरटा व्यापार करण्यात अर्थ उरला नाही आणि शेकडो क्षुल्लक जिनसांवर नजर ठेवणाऱ्या कारकुनांचा खर्च वाचला. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो भार उरला तो चहा, साखर, तंबाखू आणि मद्य यांवर उरला, आणि या वस्तू मजुराच्या घरीही लागत. सरकारच्या दहा पौंडांपैकी सहा पौंड अजूनही जकात-अबकारीतूनच येत होते. ग्लॅडस्टन यांनी हा कर नाहीसा केला नाही. मोजका, सरळ आणि हलका केला. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर या जणू दोन बहिणी असून अर्थमंत्र्याने दोघींचीही विचारपूस करावी, असे ते थट्टेने म्हणत.

कागदाची हकीकत अधिक चुरशीची आहे. कागदावर पौंडी दीड पेन्स अबकारी होती. त्यामुळे पुस्तक महाग, वर्तमानपत्र महाग आणि गरिबाचे पोर अडाणी. ज्ञानावरचे कर म्हणून लोक या करांना शिव्या देत. जाहिरातींवरचा कर १८५३ साली गेला होता, वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक १८५५ साली गेला होता. कागद राहिला होता. १८६० साली ग्लॅडस्टन यांनी तो कर काढण्याचे विधेयक आणले. लॉर्डांच्या सभागृहाने ते फेटाळले, आणि खुद्द पंतप्रधान पामर्स्टन यांना त्याचे फारसे वाईट वाटले नाही. ग्लॅडस्टन एकटे पडले. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळीच युक्ती योजली. वर्षाचे सर्व करप्रस्ताव त्यांनी एकाच विधेयकात बांधले. आता लॉर्डांनी नकार द्यावा तर साऱ्या वर्षाचा राज्यकारभार अडेल. लॉर्ड नमले. १ ऑक्टोबर १८६१ पासून कागदावरचा कर गेला. वर्षाचे सारे कर एकाच विधेयकात आणण्याची ती रीत पुढे रुळली. आपल्या समाजाची पत्रके काढणाऱ्यांना कागदाच्या दराची चिंता ठाऊक आहे. त्यांना या लढ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच वर्षी त्यांनी टपाल कचेरीत बचत बँक सुरू केली. मोलकरणीनेही एक शिलिंग सरकारच्या हमीवर ठेवावा, हा हेतू. सरकारी खर्चाची तपासणी करणारी पार्लमेंटची लोकलेखा समितीही १८६१ मधलीच, आणि स्वतंत्र हिशेब तपासणीचा कायदा १८६६ चा. भारताच्या लोकसभेतील लोकलेखा समिती ही त्याच वंशातली. सरकारी कचेरीतील मेणबत्तीचे तुकडेही वाया जाऊ नयेत, असा ग्लॅडस्टन यांचा आग्रह असे आणि लोक त्यावरून हसत. १८६५ साली चहाची जकात सहा पेन्सवर आली आणि प्राप्तिकर चार पेन्सवर.

आता मिठाकडे वळू. मिठाची गोष्ट आपल्या गावांची आहे.

इंग्लंडात मिठावरचा कर १८२५ सालीच रद्द झाला होता. आपल्या कोकणात पेण, उरणच्या खाड्यांवरची मिठागरे आमच्या पिढीने पाहिली आहेत. उन्हात चमकणारे ते पांढरे ढीग लहानपणी गाडीतून दिसत. मुंबई इलाख्यात १८३७ साली इंग्रज सरकारने मिठावर मणामागे आठ आणे अबकारी बसविली. १८४४ साली ती एकदम रुपयावर नेली तेव्हा सुरतेस दंगा झाला आणि सरकारला बारा आण्यांवर उतरावे लागले. परंतु १८५७ नंतर बंडाचे कर्ज फेडावयाचे होते. कर पुन्हा चढत गेला. १८७८ पर्यंत तो मणाला अडीच रुपये झाला होता. वाचकांनी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत. ज्या काळात लंडनच्या मजुराच्या चहावरील कर चौथ्या हिश्शावर आला, त्याच काळात अलिबाग-रेवदंड्याच्या तेल्याच्या, कोळ्याच्या आणि कुणब्याच्या मिठावरील कर पाचपट झाला. आपले पूर्वज गावोगाव घाणा चालवीत होते आणि शनिवारी तो बंद ठेवीत होते. त्यांच्या भाकरीतल्या मिठाला मात्र शब्बाथ नव्हता. कर रोजच चाले.

याचा सर्व दोष ग्लॅडस्टन यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक कलकत्त्यास होत असे. १८८० साली ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, लॉर्ड रिपन यांना त्यांनी व्हाइसरॉय म्हणून पाठविले, आणि १८८२ साली मिठाचा कर अडीचावरून दोन रुपयांवर आला. पण त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरची जकातही उठली. खुल्या व्यापाराचे तत्त्व म्हणून ते ग्लॅडस्टन यांच्या शिकवणीस धरूनच होते. लाभ मात्र मँचेस्टरच्या गिरण्यांचा झाला आणि परळ-लालबागच्या गिरण्यांना सरकारचा आधार उरला नाही. मिठाचा कर १८८८ साली, दुसऱ्या सरकारच्या वेळी, पुन्हा अडीच रुपये झाला. तो कायमचा उठावयास १९४७ साल उजाडावे लागले. इंग्लंडच्या गरिबास मत मिळत गेले तसतसे त्याच्या ताटातील कर हलके झाले. कोकणच्या गरिबास मत नव्हते. आम्हांस तरी या दोन हिशेबांतील फरकाचे मुख्य कारण हेच दिसते.

ग्लॅडस्टन यांच्या पुढील आयुष्याची हकीकत थोडक्यात सांगतो. ते चार वेळा पंतप्रधान झाले. १८७४ च्या निवडणुकीत त्यांनी प्राप्तिकर पूर्ण रद्द करण्याचे वचन दिले आणि तरीही ते हरले. डिझरायली निवडून आले. १८८० साली पंतप्रधान असताना अर्थखातेही स्वतःकडे ठेवून त्यांनी माल्टवरचा कर काढला आणि त्याऐवजी तयार बिअरवर कर बसविला. ज्या माल्टच्या प्रश्नावर १८५२ साली त्यांनी डिझरायली यांना पाडले होते, तो प्रश्न अठ्ठावीस वर्षांनी त्यांनीच सोडविला. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी त्यांनी म्हातारपणी पक्ष फुटू दिला, पण मत सोडले नाही. १८९२ साली त्यांच्याच पक्षातर्फे दादाभाई नौरोजी लंडनमधून पार्लमेंटमध्ये निवडून गेले आणि हिंदी माणसाचा आवाज तेथे उठला.

आपल्या यहुदी लोकांविषयीही त्यांचे मत बदलले. तरुणपणी यहुद्यांना पार्लमेंटमध्ये बसू देण्यास त्यांचा विरोध होता. १८४७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्रतिनिधी असताना, मतदार रागावतील हे ठाऊक असून, त्यांनी बाजूने मत दिले. लायोनेल रॉथ्सचाइल्ड यांना १८५८ साली ती जागा प्रत्यक्ष मिळाली, आणि १८८५ साली ग्लॅडस्टन यांच्या शिफारशीने नेथन रॉथ्सचाइल्ड हे पहिले यहुदी लॉर्ड झाले. चुकीचे मत प्रामाणिकपणे सोडणारा माणूस आम्हांस नेहमीच आदरणीय वाटत आला आहे.

मार्च १८९४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी पंतप्रधानपद सोडले. आरमारावरचा वाढता खर्च त्यांना पटत नव्हता. शेवटपर्यंत हिशेबच आडवा आला, असे म्हणता येईल. हॉर्डनला ते झाडे तोडण्याचा व्यायाम करीत, ग्रंथ वाचीत, आणि आपली हजारो पुस्तके ढकलगाडीत घालून नव्या वाचनालयात स्वतः नेऊन लावीत. १९ मे १८९८ रोजी ते वारले. वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांचे दफन झाले.

असो. १९७३ साली इंग्लंडात व्हॅट आला तेव्हा साबण पुन्हा कराच्या यादीत गेला. चहा, मीठ आणि वर्तमानपत्र मात्र बाहेर राहिले. आमच्या आजीने कोकणातल्या घरी करभाराचे मीठ बरणीत भरले होते आणि ते सांडले तर ती आम्हां मुलांना रागे भरे. शुक्रवारी संध्याकाळी भाकरीला मीठ लावताना आम्हांला अजून तिची आठवण होते. त्या चिमटीवर आता कोणाचाही कर नाही. तो उठविण्यासाठी किती माणसांना किती वर्षे झगडावे लागले, एवढे आपल्या नातवंडांना त्या वेळी सांगावे.